ठळक अक्षराचें देणें

गेल्या वर्षीं आमच्या साहित्यसंघाच्या वार्षिक अंकाच्या वेळीं एक लहानसा प्रसंग घडला. प्रसंग इतका क्षुल्लक कीं, कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तांत त्याला दोन ओळींपेक्षां अधिक जागा मिळाली नाहीं. परंतु त्या दोन ओळींनीं माझ्या मनांत जो प्रश्न उभा केला तो अद्यापि तेथून हालावयास तयार नाहीं. त्या वर्षीं अंकाच्या छपाईचें काम आम्हीं एका नव्या छापखान्याकडे दिलें होतें. छापखान्याच्या चालकांनीं सर्व पानें चाळून पाहिलीं आणि अगदीं सहज विचारलें, "मथळ्यांसाठीं हें जें जाड अक्षर आपण वापरलें आहे, त्याचा परवाना आपल्याजवळ आहे ना?" मला प्रश्नाचा अर्थच प्रथम कळला नाहीं. परवाना बंदुकीचा असतो, मोटार हांकण्याचा असतो, फार तर दारूच्या दुकानाचा असतो. अक्षराचा परवाना म्हणजे काय?

आमच्या अंकाची मांडणी करणारा तरुण सभासद गेलीं चार वर्षें एक पैही न घेतां हें काम करीत आला आहे. त्याला विचारलें तेव्हां तो निर्मळपणें म्हणाला, "काका, तें अक्षर मला आपल्या पूर्वीच्या छापखान्यांतल्या संगणकावर मिळालें. तेथें सगळेच तें वापरतात. तें विकत घ्यावयाचें असतें हें मला खरोखरच माहीत नव्हतें." शोध घेतां असें आढळलें कीं, तें अक्षर आपल्याच देशांतील एका लहानशा अक्षरशाळेनें तयार केलेलें असून त्याला रीतसर किंमत आहे, आणि आमच्या हातीं आलेली प्रत कोणीतरी, केव्हांतरी, परवानगीवांचून उतरून घेतलेली होती. म्हणजे चार वर्षें आमच्या अंकांतील प्रत्येक कथा, प्रत्येक कविता, इतकेंच काय, पण वाङ्मयचौर्य या विषयावरचा एक अत्यंत विद्वत्तापूर्ण निबंधसुद्धां चोरीच्या अक्षराखालीं छापला गेला होता. त्या निबंधाच्या मथळ्याची मीं स्वतः तोंड भरून स्तुति केली होती.

मंडळाच्या बैठकींत विषय निघाला तेव्हां फारसा कोणी अस्वस्थ झालेला दिसला नाहीं. आमचे एक ज्येष्ठ सभासद हंसून म्हणाले, "क, ख, ग हीं काय कोणाच्या मालकीचीं आहेत? उद्यां बाराखडीवर जकात बसवाल!" दुसऱ्या एकांचें म्हणणें असें पडलें कीं, ज्यानें अक्षर केलें त्याच्याजवळ तें अजून जसेंच्या तसें आहे, आपण त्याचें कांहीं नेलें नाहीं, मग चोरी कसली? खजिनदारांचा मुद्दा सर्वांत व्यवहारी होता. संघ गरीब, अंकाला नफा नाहीं, आणि काम मायबोलीचें; एवढी सूट समाजानें आपल्याला द्यावयासच हवी. तिन्ही युक्तिवाद मला त्या क्षणीं पटले. घरीं येतां येतां मात्र असें वाटूं लागलें कीं, ते इतके चटकन् पटले हेंच त्यांच्याविरुद्ध जाणारें आहे.

'क' हें अक्षर कोणाचेंच नाहीं, हें निर्विवाद. शतकानुशतकें असंख्य हातांनीं घडवीत आणलेली ती वस्तु आहे आणि तिच्यावर हक्क सांगणारा मनुष्य वेडाच ठरेल. परंतु आमच्या मथळ्यांत जो 'क' होता तो केवळ 'क' नव्हता. तसें असतें तर संगणकावर आपोआप येणारा साधा 'क' आम्हांला पुरला असता. आम्हीं तो विशिष्ट 'क' घेतला, कारण तो रुंद खांद्यांचा होता, ठाम होता, दहा हातांवरून डोळ्यांत भरत होता. म्हणजे जें सर्वांचें होतें तें सोडून जें एकाचें होतें तेंच नेमकें आम्हांला हवें होतें. आणि मोल विचारलें जातांच मात्र आम्ही सर्वांच्या मालकीच्या 'क'च्या पाठीमागें जाऊन उभे राहिलों. या लपण्यांत मला प्रामाणिकपणा दिसेना.

देवनागरीचें जाड अक्षर करणें म्हणजे बारीक अक्षराच्या रेघा फुगविणें नव्हे, हें ज्यांनीं कधीं दुकानाची पाटी रंगविली असेल त्यांना सांगावयास नको. रोमन अक्षरांना वरून झांकण नसतें. नागरींत शिरोरेखा वरून दडपते आणि तिच्याखालीं दांडा, गांठ व वळण यांची दाटी होते. रेघ जाड करतां करतां 'क'च्या पोटांतील पोकळी बुजते, 'ळ'चे दोन्ही डोळे मिटतात, 'क्ष' आणि 'ह' यांचा काळा गोळा होतो. म्हणून जेथें रेघ रेघेला मिळते तेथें कारागिराला ती हळूच बारीक करावी लागते, शिरोरेखा दांड्याहून कांहींशी हलकी ठेवावी लागते, आणि हें सर्व वाचणाराच्या ध्यानांत न येईल अशा बेतानें. जोडाक्षरें तर विचारूंच नयेत. 'द्ध', 'ष्ट', 'ङ्म', 'ह्य' या प्रत्येकाचें दुखणें निराळें. वेलांटीची जी कमान एका अक्षराला पुरते ती दुसऱ्याला तोकडी पडते, म्हणून तिच्या निरनिराळ्या लांबीच्या आवृत्त्या कराव्या लागतात. मथळा दोन ओळींचा झाला कीं वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. असे शेंकडों आकार एकेक करून तपासल्यावर कोठें एक ठळक अक्षरमाला पुरी होते.

आणि मराठीची म्हणून एक खास कसोटी आहे. ज्याला मथळ्यासाठीं जाड अक्षर निवडावयाचें असेल त्यानें त्यांत प्रथम 'वऱ्हाड' आणि 'तऱ्हा' हे दोन शब्द लिहून पाहावे. पुष्कळ अक्षरमालांत हा अर्धा 'र' नीट बसत नाहीं. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात, आणि 'ॲ'च्या जागीं एक रिकामी चौकट आपल्याकडे टकमक पाहत राहते. आम्हीं चोरलेल्या अक्षरांत 'वऱ्हाड' फार सुरेख उमटत होतें. मराठी लिहिणारांची संख्या कांहीं इतकी मोठी नाहीं कीं तो अर्धा 'र' नसता तर त्या अक्षराची विक्री बुडाली असती. कोणीतरी केवळ आपल्या भाषेच्या मानासाठीं तो घडविला होता, आणि आम्ही मायबोलीचे सेवक त्याच्याकडून तो न विचारतां घेऊन आलों होतों.

हे श्रम आजचे नव्हेत. मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मराठी अक्षरांचे ठसे तयार करून छपाई केली. जावजी दादाजी यांनीं १८६४ मध्यें टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना उभारला. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराच्या हातांतून उतरलेल्या ठशांनीं त्या छापखान्याचें नांव काशीपर्यंत पोंचविलें. त्या काळीं अक्षराच्या परवान्याची भाषा नव्हती, कारण तिची गरज नव्हती. अक्षर शिशाचें होतें. तें वजनावर विकलें जाई, छापतां छापतां त्याच्या कडा बोथट होत, आणि झिजलें कीं छापखानेवाला पुन्हां ओतशाळेच्या दारांत येऊन उभा राही. अक्षर करणाराचें देणें धातूच्या झिजेंतच फिटत होतें. उपकार स्मरण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोंपविण्याची वेळच येत नसे.

संगणकावरील अक्षर झिजत नाहीं, हीच सर्व भानगड आहे. तें एकदां घडलें कीं, त्याच्या लाख प्रती निघाल्या तरी लाखावी प्रत पहिलीइतकीच धारदार. म्हणून विकणारानें झिजेच्या जागीं परवाना आणला. आपण अक्षर विकत घेतों असें म्हणतों, परंतु वस्तुतः घेतों ती वापरण्याची परवानगी: अमुक इतक्या संगणकांवर, छापील कामासाठीं, संकेतस्थळावर घालावयाचें तर निराळें मोल, बहुधा किती लोक तें पान उघडतात त्या मानानें, एखाद्या यंत्रज्ञाप्तींत बसवावयाचें तर आणखी निराळें. कित्येक परवाने ती अक्षरांची आज्ञावली मजकुराबरोबर छापखान्याकडे धाडूं देत नाहींत. मजकुराचे आकार गोठवून मग पान धाडावें, अशी रीत आहे. 'खासगी वापरासाठीं फुकट' असें लिहिलेलें अक्षर स्मरणिकेच्या जाहिरातींत घातलें तर तें फुकट राहत नाहीं. या अटी मीं पहिल्यांदा वाचल्या तेव्हां मला त्या कृपणाच्या वाटल्या. मराठी अक्षरांच्या आज्ञावलींचा जुना काळ ज्यांना आठवतो त्यांना ठाऊक असेल कीं, त्या वेळीं त्या संगणकाला जोडावयाच्या एका लहानशा कुलुपाबरोबर विकल्या जात, आणि कुलूप फोडलेल्या प्रती गल्लोगल्ली फिरत असत. कुलूप फोडण्यांत एक प्रकारची मर्दुमकीही मानली जात होती.

शिशाच्या काळीं मात्र सारे साव होते असें कोणी समजूं नये. विजेच्या योगानें धातूचा थर चढवून नक्कल काढण्याची विद्या १८३८ च्या सुमारास निघाली, आणि प्रतिस्पर्ध्याचें अक्षर विकत आणून त्यावरून साचा पाडणें एकाएकीं सोपें झालें. ठळक अक्षराची म्हणून जी एक कथा या संदर्भांत सांगितली जाते ती लंडनच्या फॅन स्ट्रीटवरील ओतशाळेची आहे. या ओतशाळेचा पूर्वीचा मालक रॉबर्ट थॉर्न यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पोट सुटलेलीं अत्यंत लठ्ठ अक्षरें केलीं, आणि तसलीं अक्षरें सोडतीच्या जाहिरातींवर सर्रास दिसूं लागलीं. थॉर्न १८२० मध्यें वारला तेव्हां ती ओतशाळा विल्यम थॉरोगुड यानें विकत घेतली, आणि तीही सोडतींत लागलेल्या पैशांनीं! लक्ष्मीलाही कधीं कधीं विनोद सुचतो. पुढें त्याचा भागीदार रॉबर्ट बेस्ली यानें १८४५ मध्यें 'क्लॅरेंडन' नांवाचें एक जाड अक्षर बाजारांत आणलें. त्याचे ठसे बेंजामिन फॉक्स यानें कोरले होते. तोंपर्यंत मजकुरांत एखादा शब्द उठावदार करावयाचा तर छापखानेवाले हातीं लागेल तें कोणतेंही जाड अक्षर घुसवीत. क्लॅरेंडन मुद्दाम मजकुराच्या अक्षराशीं जुळेल असें केलेलें होतें, म्हणून कोशांत शब्द शोधणाराला तें वरदान ठरलें. बेस्लीनें आकृतिबंधांच्या नव्या कायद्याखालीं त्याची नोंद केली. अशी नोंद झालेलें तें पहिलें अक्षर मानतात. संरक्षण मिळालें तें तीन वर्षांचें. तीं सरतांच इतर ओतशाळांनीं तसल्याच अक्षरांचे ढीग बाजारांत ओतले, आणि कांहीं काळानें तर छापखान्यांच्या बोलींत कोणत्याही जाड अक्षराला 'क्लॅरेंडन' म्हणूं लागले.

ही कथा प्रथम वाचली तेव्हां मी बेस्लीच्या बाजूनें संतापलों. नंतर संताप ओसरूं लागला. बेस्ली भिकेला लागला नाहीं; १८६९ मध्यें तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला. आणि त्याच्या कल्पनेची नक्कल झाली नसती तर ठळक शब्दावर बोट ठेवून कोश वाचण्याची सोय कदाचित् एकाच ओतशाळेच्या गिऱ्हाइकांपुरती राहिली असती. मुदत संपल्यावर ज्यांनीं स्वतःचे ठसे कोरून तसलें अक्षर केलें त्यांना चोर म्हणवत नाहीं. कर्त्याला कांहीं काळ मोबदला, आणि मग ती गोष्ट सर्वांची, ही वांटणी मला तत्त्वतः न्याय्य वाटते. तीन वर्षें थोडीं होतीं एवढेंच. परंतु आमच्या मंडळींच्या युक्तिवादाला बेस्लीचा दाखला उपयोगी नाहीं. आम्हीं ठसा कोरला नव्हता आणि मुदत संपण्याची वाटही पाहिली नव्हती.

कायद्याकडे वळलों तर तेथेंही मन स्वस्थ होत नाहीं. अमेरिकेंत अक्षराच्या आकाराला लेखकाच्या हक्कासारखा हक्क मिळत नाहीं, असा निर्णय १९७८ मध्यें तेथील अपील न्यायालयानें एल्ट्रा कंपनीच्या प्रकरणांत दिला. मात्र तोच आकार संगणकाच्या आज्ञावलीच्या रूपांत असला तर ती आज्ञावली संरक्षित आहे, असें १९९८ मध्यें अडोबी कंपनीच्या प्रकरणांत ठरलें. म्हणजे मूर्तीला हक्क नाहीं, गाभाऱ्याच्या कुलुपाला आहे! इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्यानें अक्षररूपाला पंचवीस वर्षांचें संरक्षण दिलें, परंतु नेहमींच्या जुळणीच्या व छपाईच्या कामांत तें अक्षर वापरणाराला त्या हक्काच्या कचाट्यांतून वगळलें. आपल्याकडे २००२ मध्यें कॉपीराइट मंडळापुढें आलेल्या एका प्रकरणांत अक्षररूपाची कलाकृति म्हणून नोंद होऊं शकली नाहीं. अक्षररूपांच्या संरक्षणासाठीं १९७३ मध्यें व्हिएन्ना येथें एक आंतरराष्ट्रीय करार झाला, तो कधींच अंमलांत आला नाहीं. हेर्मान त्साप्फ हा गेल्या शतकांतील अत्यंत मोठा अक्षरकार. त्याच्या 'पॅलॅटिनो'च्या छायेंतून निघालेलीं अक्षरें प्रतिष्ठित कंपन्या उघडपणें विकत होत्या, आणि असल्या नकलांकडे अक्षरकारांची आंतरराष्ट्रीय संस्था कानाडोळा करते म्हणून त्यानें १९९३ मध्यें तिचा राजीनामा दिला. जेथें राष्ट्राराष्ट्रांचें एकमत नाहीं तेथें आमच्या खजिनदारांनीं तरी कोणाच्या तोंडाकडे पाहावें? कायद्याचा आधार मिळाला तर बरें, परंतु येथें माणसाला बरेंचसें स्वतःच ठरवावें लागतें.

दुसरा आक्षेप, कर्त्याचें कांहीं गेलें नाहीं हा, मला पहिल्यापेक्षां कठीण वाटला. आपल्या परंपरेंत नक्कल करणें हें पाप कधींच नव्हतें. पोथी उतरून देणारा लेखक पुण्यवान् समजला जाई. आपले संतवाङ्मय टिकलें तें अशा उतरून घेणारांच्या हातांनीं. मग पोथी उतरणारा पुण्यवान् आणि अक्षर उतरून घेणारा चोर, हा भेद कोठून आला? बराच विचार केल्यावर मला असें दिसतें कीं, पोथी उतरणारा आपला काळ व आपले डोळे त्या पोथीला वाहत होता. ग्रंथकारानें दिलें त्यांत तो स्वतःची भर घालीत होता. शिवाय शेवटीं ग्रंथकाराचें नांव राखीत होता. आमच्या नकलेला एका क्षणापेक्षां अधिक कांहीं लागलें नाहीं, आणि अक्षर कोणाचें हें विचारण्याइतकीही तसदी आम्हीं घेतली नाहीं. चार वर्षांत आमच्या अंकांत चित्रकाराचें नांव आलें, मुद्रकाचें आलें, चहा देणाऱ्या गृहस्थांचेही आभार मानले गेले. ज्याच्या अक्षरांत हे आभार मानले त्याचें नांव कोठेंच नाहीं. कर्त्याचें कांहीं गेलें नाहीं म्हणावें तर जें येणें होतें तें आलें नाहीं. आणि शिंप्याची शिलाई बुडविणारा मनुष्य 'तुझी सुई तर तुझ्याचजवळ आहे ना?' असें म्हणूं लागला तर आपण त्याला काय म्हणूं?

येथें दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनावणें प्राप्त आहे. कांहीं परवाने असे असतात कीं, त्यांत वर्षा-वर्षाला भाडें भरावें लागतें आणि भाडें थांबलें कीं अक्षर निघून जातें. जें झिजत नाहीं त्याला मुद्दाम झिजविण्याचा हा प्रकार मला आवडत नाहीं. मोठ्या दैनिकानें अधिक द्यावें आणि लहान शाळेनें कमी, हें ठीक. परंतु वाचणारांचीं डोकीं मोजून अक्षराचें मोल लावण्यांत एक हिशेबीपणा आहे, आणि अटींचा मजकूर वकिलावांचून समजत नाहीं असा लिहिणें हा तर सरळ अन्याय आहे. ज्याला अट समजलीच नाहीं त्यानें ती मोडली तर दोष अर्धा अट लिहिणाराचा.

आतां ज्या गोष्टीचा परवान्याशीं वरवर संबंध दिसत नाहीं, पण माझ्या मतें आहे, तिच्याकडे येतों. चोरीचा शोध लागल्यावर मीं चारही अंक पुन्हां चाळले. त्या धिप्पाड अक्षरांत काय काय छापलें होतें? एका दिवंगत कवीवरचा मृत्युलेख, हें योग्यच. परंतु त्याच अक्षरांत 'संपादकीय', त्याच अक्षरांत 'पाककृति', आणि त्याच अक्षरांत, तितक्याच आकारांत, 'खजिनदारांचा अहवाल'! ठळक अक्षर म्हणजे भर सभेंत उंचावलेला आवाज. तो उंचावणारा मनुष्य इतरांचें लक्ष त्यांच्या हातांतल्या कामांतून ओढून घेतो, आणि तें ओढून घेण्याइतकें सांगण्यासारखें आपल्यापाशीं आहे अशी हमी देतो. ही हमी खोटी ठरली तर वाचकाची फसवणूकच झाली, मग मजकुरांतील प्रत्येक शब्द खरा असला तरी. आज आपल्या शहरांतील कोणत्याही चौकांत उभें राहावें. पुढाऱ्याचा वाढदिवस, शिकवणीचा वर्ग, मूळव्याधीवरचें औषध आणि थोर पुरुषाची पुण्यतिथि, सर्व एकाच जाड अक्षरांत, एकाच फलकाच्या उंचीवर ओरडत असतात. आणि ज्या दिवशीं खरोखर ओरडून सांगावें असें कांहीं घडतें त्या दिवशीं आपल्यापाशीं वरचा आवाज शिल्लक राहिलेला नसतो.

मला असा संशय आहे कीं, या उधळपट्टीचें एक कारण अक्षरें फुकट मिळणें हें आहे. जावजींच्या काळीं मोठ्या जाड टाइपाचा एक संच घेणें म्हणजे शिशाचें मोठें वजन विकत घेणें होतें. छापखानेवाला तो पेटी उघडण्यापूर्वीं विचार करी. आमच्या तरुण मित्राच्या संगणकावर साडेतीनशें अक्षरमाला होत्या आणि त्यांतल्या किती खरेदीच्या होत्या हें त्याला सांगतां येईना. ज्याला एकच ठळक अक्षर दाम मोजून घ्यावें लागतें तो तें निवडण्यापूर्वीं दहा वेळां 'वऱ्हाड' लिहून पाहतो, आणि घेतल्यावर तें खजिनदारांच्या अहवालावर खर्च करीत नाहीं.

राहतां राहिला गरिबीचा मुद्दा. त्याची मला थट्टा करवत नाहीं. पाणी सर्वांचें असलें तरी विहीर खणणाराचे श्रम त्याचे असतात, असा दृष्टान्त मी बैठकींत देणार होतों; परंतु ओठांवर आलेला तो दृष्टान्त मीं गिळला. विहिरीच्या आणि तळ्याच्या मालकीचें नांव पुढें करून माणसांना पाण्यापासून दूर ठेवण्याचा इतिहास या महाराष्ट्रानें पाहिला आहे, आणि १९२७ मध्यें महाडला चवदार तळ्यावर जावें लागलें तें त्याचमुळें. जी वस्तु जगण्याला लागते तिच्यावरचा हक्क गाजवितांना मालकानेंही लाजलें पाहिजे. साध्या मजकुराचें अक्षर हें पाण्यासारखें आहे. खेड्यांतल्या शाळेला प्रश्नपत्रिका छापण्यासाठीं अक्षराचें मोल द्यावें लागूं नये, असेंच माझें मत आहे. परंतु मथळ्याचें धिप्पाड अक्षर हें पाणी नव्हे, सरबत आहे. सरबतावांचून कोणाचा घसा कोरडा पडत नाहीं.

शिवाय गरिबाची सोय लावणारे लोक या धंद्यांतही निघाले आहेत. एस. आय. एल. या संस्थेनें २००५ मध्यें मुक्त अक्षरांसाठीं एक परवाना तयार केला आणि २००७ मध्यें त्याची आज चालू असलेली आवृत्ति निघाली. त्याच्या अन्वयें अक्षर कोणीही वापरावें, छापावें, त्यांत सुधारणा करावी, दुसऱ्याला द्यावें. तें एकटें विकूं नये, कर्त्याचा उल्लेख पुसूं नये, आणि कर्त्यानें नांव राखून ठेवलें असल्यास बदललेल्या अक्षराला तें नांव लावूं नये, या त्याच्या मुख्य अटींपैकीं आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचें 'बलू' हें गुबगुबीत ठळक अक्षर आणि २००९ मध्यें स्थापन झालेल्या इंडियन टाइप फाउंड्रीचीं 'खंड' व 'टेको' हीं सडपातळ, मथळ्याजोगीं अक्षरें याच परवान्याखालीं मिळतात. तेव्हां पैसे नाहींत म्हणून चोरी करावी लागली, हें म्हणण्याची सोय आतां उरलेली नाहीं. पैसे नव्हते आणि तरीही आम्हांला तेंच अक्षर हवें होतें, हें खरें उत्तर होतें. या मुक्त अक्षरांविषयीं माझ्या मनांत एक बारीकशी शंका आहे ती अशी कीं, यांतील कित्येकांचा खर्च गूगलसारख्या धनाढ्य कंपनीनें उचलला; एकदां दान घेण्याची संवय लागल्यावर ज्याच्यामागें कोणी धनिक नाहीं त्या एकट्या कारागिराच्या अक्षराला दाम देणें आपल्याला अधिकच जड वाटूं लागेल कीं काय? पण ही शंका बैठकींत मांडण्याइतकी पक्की नव्हती.

मंडळानें शेवटीं असें ठरविलें कीं, तेंच अक्षर रीतसर विकत घ्यावें, आणि तें फक्त मृत्युलेख व मुख्य लेख यांसाठीं वापरावें. किंमत पाहिल्यावर सर्वच थोडे ओशाळलें; अंकाच्या मुखपृष्ठाच्या गुळगुळीत कागदावर आम्ही दरवर्षीं याहून अधिक खर्च करतों. अडचण निघाली ती मागल्या चार अंकांची. परवाना आजपासून पुढें मिळतो. झालेल्या गोष्टीचें मोल कोणत्याही दरपत्रकांत नसतें. झालें तें झालें, असें बहुमत होतें. मला तें पटेना. मांडणी करणारा तरुण इतका वेळ गप्प बसला होता तो म्हणाला, "काका, आपण त्यांना सरळ लिहूं या."

मीं पत्र लिहिलें. चार वर्षांचा हिशेब दिला, आणि काय द्यावें तें आपणच सांगावें अशी विनंति केली. आठ दिवसांनीं उत्तर आलें. मागील अंकांबद्दल पैसे नकोत, असें त्यांनीं लिहिलें होतें; चारही अंकांची एकेक प्रत मात्र पाठवावी, कारण आपलें अक्षर छापील पानावर फार थोड्या वेळां पाहावयास मिळतें. आम्हीं प्रती पाठविल्या आणि त्यांबरोबर आमच्या अदमासानें ठरविलेली रक्कमही पाठविली. तिच्याविषयीं त्यांनीं पुन्हां कांहीं लिहिलें नाहीं. परतही केली नाहीं. खजिनदारांनीं ती 'संकीर्ण' या सदराखालीं टाकली आहे. लेखापरीक्षकांनीं पावती मागितली. पावती नव्हती, तेव्हां त्या पत्राची एक नक्कल जोडून दिली.